रोज पडद्यावर, तरी खिसा रिकामा : मालिकेतल्या कलाकाराचं गणित

दैनंदिन मालिकेत काम मिळालेल्या कलाकाराच्या खात्यात पहिला पैसा साधारण चौथ्या महिन्याच्या अखेरीस येतो. तोवर चेहरा घराघरांत पोहोचलेला असतो, गावाकडच्या चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागलेला असतो, सोसायटीतली मुलं सेल्फी मागत असतात. घरभाडं मात्र उसनवारीवर चाललेलं असतं. पुढे कधी एखादा कलाकार कर्जात बुडाला, नैराश्यात गेला, अशी बातमी आली की लोक उधळेपणा, व्यसन किंवा नशीब अशी कारणं शोधतात. ती कधीकधी खरीही असतात. पण पुष्कळदा मूळ दुखणं या व्यवसायातल्या पैशाच्या आणि वेळेच्या रचनेत असतं, आणि ती रचना नव्या कलाकाराला कुणी बसवून समजावत नाही. मुंबईत तयार होणाऱ्या हिंदी आणि मराठी मालिकांमध्ये ती कशी चालते, ते इथे सविस्तर पाहू.

पैसा कुठून निघतो, कधी पोहोचतो

बहुतेक मालिकांची मालकी वाहिनीकडे असते. वाहिनी निर्मात्याला दर भागामागे ठरावीक रक्कम देते आणि त्या रकमेत निर्माता सेट, तंत्रज्ञ, लेखक, कपडेपट, जेवण आणि कलाकार असं सगळं बसवतो. वाहिनीचे पैसे निर्मात्यालाही हातोहात मिळत नाहीत. हा उशीर वरून खाली येत येत कलाकाराच्या करारात ‘९० दिवस’ या शब्दांत उतरतो. महिनाभर काम करायचं, महिनाअखेरीस बिल द्यायचं आणि तिथून पुढे ९० दिवस मोजायचे, असा हा रिवाज आहे.

मानधन बहुधा दिवसावर ठरतं, त्याला सगळे ‘पर डे’ म्हणतात. हिशेबापुरता एक आकडा धरू : दिवसाला ८,००० रुपये, महिन्याला २० दिवस आणि कामाची सुरुवात जानेवारीत. महिन्याचं मानधन झालं १,६०,०००. निर्माता त्यातून १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापतो, म्हणजे १६,०००. काम कोऑर्डिनेटरमार्फत, म्हणजे भूमिका मिळवून देणाऱ्या मध्यस्थामार्फत आलं असेल तर त्याचं कमिशन साधारण १० ते २० टक्के असतं. १५ टक्के धरलं तर २४,०००. हातात उरले १,२०,०००. जानेवारीचे हे पैसे एप्रिलच्या शेवटी येतात. त्या दिवशी कलाकाराने चार महिन्यांचं, म्हणजे ६,४०,००० रुपयांचं काम केलेलं असतं आणि पैसे एकाच महिन्याचे मिळालेले असतात. बाकीचे ४,८०,००० निर्मात्याकडे असतात.

मालिका चालू आहे तोवर हे येणं फिटत नाही. जुना एक महिना मिळतो आणि नवा एक चढतो. म्हणजे आपल्या उदाहरणातला कलाकार निर्मात्याला पावणेपाच लाखांच्या आसपास बिनव्याजी उधार देऊन बसलेला असतो, आणि ही उधारी देण्याइतकी ऐपत त्याची स्वतःची नसते. म्हणून भूमिका पक्की झाल्यावर पहिलं काम नवा फोन घेण्याचं नाही. चार महिन्यांचं भाडं, किराणा, रिक्षा आणि विजेचं बिल कुठून भागणार, हे कागदावर मांडायचं. करार होण्यापूर्वी ‘पहिले दोन महिने ३० दिवसांत पैसे द्या, मग ९० दिवसांवर जाऊ’ अशी विनंती करता येते. मोठी भूमिका असेल तर ती मान्यही होते. सही झाल्यावर मागितलं तर कुणी ऐकत नाही.

शेवटाला हाच नियम उलट्या बाजूने फसवतो. मालिका ३१ डिसेंबरला बंद झाली असं समजा. ऑक्टोबरचे पैसे जानेवारीअखेर येतात, नोव्हेंबरचे फेब्रुवारीअखेर आणि डिसेंबरचे मार्चअखेर. काम थांबलेलं असूनही खात्यात नेहमीसारखी रक्कम पडत राहते. त्यामुळे खर्चाचा हात आखडत नाही, गाडीचा हप्ता सुरू राहतो, घरच्यांनाही काही बदललंय असं वाटत नाही. टंचाई जाणवते एप्रिलमध्ये, आणि तोपर्यंत हात आवरायचे तीन महिने निघून गेलेले असतात. मालिका संपल्याचा दिवस हाच उत्पन्न संपल्याचा दिवस धरावा. नंतर येणारे तीन चेक ही पुढच्या काळाची शिदोरी आहे. त्यातून आजचा खर्च वाढवू नये.

कराचं प्रकरण इतकं किचकट वाटतं की बरेच जण ते पूर्णपणे दुसऱ्यावर सोडतात आणि तिथेच फटका बसतो. टीडीएस हा गेलेला पैसा नव्हे, तो आगाऊ भरलेला कर आहे. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर लागत नाही. त्यामुळे वर्षात सहा-सात महिनेच काम झालं असेल तर कापलेला बहुतेक टीडीएस विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो. पण त्यासाठी विवरणपत्र वेळेत भरावं लागतं. काम नसलेल्या वर्षी ‘कमाईच नाही, रिटर्न कशाला’ म्हणणारा कलाकार स्वतःचेच लाखभर रुपये सोडून देतो. शिवाय बँका गृहकर्जासाठी स्वयंरोजगार असलेल्यांची दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात, तीही हुकतात.

जीएसटीचा पेच वेगळा आहे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी सक्तीची होते आणि मानधनावर १८ टक्के कर लावावा लागतो. आपल्या उदाहरणात वर्षाचे १९,२०,००० होतात. मध्ये दोन सुपाऱ्या (पैसे घेऊन हजेरी लावण्याची कामं) घेतल्या, कुठे दहीहंडी, कुठे दुकानाचं उद्घाटन, की ही रेषा ओलांडली जाते आणि पुष्कळांना ते कळतही नाही. नोंदणीनंतर महिन्याच्या बिलावर २८,८०० रुपये कर होतो. हा कर सरकारला पुढच्याच महिन्यात भरायचा असतो. निर्मात्याकडून तो मानधनासोबत ९० दिवसांनी येतो. तीन महिन्यांचे मिळून ८६,४०० रुपये कलाकाराने खिशातून घातलेले असतात. यावर कायद्यात एक वाट आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ चालणारी, ठरावीक मुदतीने पैसे मिळणारी सततची सेवा असेल आणि पैसे देण्याची तारीख करारात स्पष्ट लिहिलेली असेल, तर बिल त्या तारखेपर्यंत देता येतं. त्यामुळे कराराचा मसुदा सही करण्याआधी सीएला दाखवावा. सही झाल्यावर तो फारसं काही करू शकत नाही.

करारातली कलमं

करार इंग्रजीत, वीस-पंचवीस पानांचा असतो आणि अनेकदा लूक टेस्टच्या (पात्राचा मेकअप-कपडे करून बघण्याच्या) धावपळीत पुढे ठेवला जातो. ‘स्टँडर्ड आहे, सगळेच सही करतात’ असं सांगितलं जातं. एक दिवस मागून घ्यावा आणि पाच जागा वाचाव्यात.

सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे किमान दिवसांची हमी. ‘महिन्याला २० दिवस’ असं तोंडी ठरतं, करारात ते नसतं. मग कथानक दुसऱ्या पात्राकडे वळलं की महिन्यात सहा दिवसांचं बोलावणं येतं. मानधन ४८,००० वर येतं, तरी दुसरीकडे काम करायला मोकळीक नसते. हमी असेल तर बोलावलं नाही तरी त्या दिवसांचे पैसे मिळतात. हमी मिळत नसेल तर बदल्यात बाहेरचं काम करण्याची परवानगी लिहून घ्यावी. दोन्ही नसलेला करार हे पुढच्या आर्थिक ओढाताणीचं बीज असतं, आणि मोठी भूमिका मिळतेय या आनंदात हीच जागा सर्वांत जास्त वेळा सुटते.

दुसरी जागा एक्स्क्लुझिव्हिटीची. मालिका चालू असताना दुसऱ्या वाहिनीवर काम करू नये, ही अट समजण्यासारखी आहे. काही करारांत मालिका संपल्यावर किंवा सोडल्यावर आणखी तीन ते सहा महिने इतर वाहिन्यांवर दिसायचं नाही, असंही असतं. उत्पन्न नसलेल्या काळात हे बंधन कसं झेपणार, याचा विचार सही करताना करायला हवा. मराठी कलाकारासाठी यातच नाटकाचा मुद्दा येतो. शनिवार-रविवारचे प्रयोग, दौरे आणि तालमींसाठीचे दिवस करारात नावानिशी लिहून घ्यावेत. ‘आपण अ‍ॅडजस्ट करू’ हे वाक्य भागांचा साठा संपला की कुणाच्याच लक्षात राहत नाही.

नोटिशीचा कालावधी बहुधा विषम असतो. कलाकाराने सोडायचं तर एक ते तीन महिने आधी कळवायचं, निर्मात्याने काढायचं तर आठवडाही पुरतो. दोन्ही बाजूंना समान मुदत मागावी. पात्र मेलं, कथानकात लीप आला (गोष्ट एकदम काही वर्षं पुढे गेली), कलाकार बदलला, मालिकाच बंद पडली, तर राहिलेलं मानधन किती दिवसांत मिळेल, तेही स्वतंत्र वाक्यात हवं. आणि शेवटचं म्हणजे शिफ्टचे तास आणि त्यापुढच्या वेळेचा दर. उद्योगात बारा तासांची शिफ्ट रूढ आहे, पण करारात आकडा नसेल तर चौदाव्या तासाला दाद कुठे मागणार?

मानधन, मुदत, शिफ्ट यांचे वाद ‘सिंटा’ या कलाकार संघटनेकडे नेता येतात आणि तंत्रज्ञ-कामगारांच्या संघटनांचा महासंघ एफडब्ल्यूआयसीई आहे. सभासद नसलेल्या आणि लेखी करार नसलेल्या कलाकाराची बाजू तिथेही लंगडी पडते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये दृक्‌श्राव्य कामगारांच्या व्याख्येत अभिनेते, नर्तक, गायक, निवेदक यांचा समावेश आहे आणि लेखी कराराशिवाय त्यांना कामाला लावता येत नाही. मात्र सरकारने ठरवलेल्या मानधन-मर्यादेच्या आतल्यांनाच ही व्याख्या लागू होते. ठळक भूमिकेतल्या कलाकाराने सगळी भिस्त स्वतःच्या करारावरच ठेवलेली बरी.

गुरुवारचा आकडा

मालिकेचं भवितव्य दर आठवड्याला मोजलं जातं. देशभरातल्या पन्नास हजारांहून अधिक घरांत बार्क या संस्थेची यंत्रं बसवलेली आहेत. वाहिनीच्या आवाजात कानाला न ऐकू येणारी खूण मिसळलेली असते; ती खूण यंत्र ओळखतं आणि त्या घरात कोण काय बघतंय याची नोंद होते. शनिवार ते शुक्रवार असा आठवडा धरला जातो आणि त्याचे आकडे पुढच्या गुरुवारी येतात. जाहिरातींचे दर या आकड्यांवर ठरत असल्यामुळे वाहिनी, निर्माता, लेखक सगळे गुरुवारी ताणात असतात.

कलाकाराने एक गोष्ट समजून घ्यायला हवी : हा आकडा अभिनयाचा नसतो. त्यात वेळ, समोरच्या वाहिनीवरचा कार्यक्रम, क्रिकेटचा सामना, सणाची सुट्टी आणि आधीच्या मालिकेने सोडून दिलेला प्रेक्षक असं सगळं मिसळलेलं असतं. तरी त्याचे परिणाम कलाकारावरच होतात. आकडा घसरला की ट्रॅक, म्हणजे कथानकाची दिशा बदलते, नायिकेच्या बहिणीचं लग्न मोडतं, कुणी परदेशी जातं, कुणाचा अपघात होतो. काम करणाऱ्याला हे नवं पान हातात आल्यावरच कळतं. उलटही घडतं. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही मालिका २००० ते २००८ अशी चालली. त्यात नायक मिहीरचा मृत्यू दाखवल्यावर प्रेक्षकांचा इतका क्षोभ झाला की पात्र परत आणावं लागलं. अमर उपाध्याय यांनी लोकप्रिय केलेली ही भूमिका पुढे इंदर कुमार आणि मग रोनित रॉय यांनी केली आणि मालिका चालत राहिली. पात्राला प्रेक्षकांनी वाचवलं, म्हणून त्या कलाकाराची जागा कायम झाली असं नव्हे. स्वतःची किंमत गुरुवारच्या आकड्याशी बांधणारा माणूस दर आठवड्याला आतून हलतो. आकडा माहीत असावा, वाटाघाटीत तो उपयोगी पडतो. पण तो बघून सीन करू नये.

बारा तास म्हणजे किती

अर्ध्या तासाच्या भागात साधारण २० ते २२ मिनिटांचा मजकूर लागतो आणि आठवड्याला पाच, सहा, कधी सात भाग जातात. म्हणजे युनिटला जवळजवळ रोज एक भाग पूर्ण करावा लागतो. सकाळी नऊची शिफ्ट असेल तर मेकअप आणि केसांसाठी कॉल टाइम साडेसात-आठचा. सेट मढ, मीरा रोड, नायगाव किंवा ठाण्यात घोडबंदर रोडला असेल तर जाऊन-येऊन दोन ते चार तास. रात्री नऊला पॅकअप झालं तरी घरी पोहोचून जेवून झोपायला बारा वाजतात आणि सहाला उठायचं असतं. झोप सहा तासांची, तीही पॅकअप वेळेवर झालं तर.

वेळ का लांबते? मुख्य कारण म्हणजे बँक संपणं. तयार भागांचा साठा दहा-बारा असेल तर युनिट निवांत असतं. लेखन अडकलं, वाहिनीने ट्रॅक बदलायला सांगितला, मुख्य कलाकार आजारी पडला की साठा दोनवर येतो आणि मग आज शूट केलेलं उद्या प्रसारित करायची वेळ येते. त्यात सीनचा कागद सेटवर, कधी मेकअप चालू असताना हातात पडतो. दोन पानी संवाद पंधरा मिनिटांत पाठ करायचे, मास्टर (सगळे एकत्र दिसणारा शॉट), मग ओएस (समोरच्याच्या खांद्यावरून), मग क्लोज (जवळून चेहरा) असा तोच रडण्याचा सीन पाच-सहा वेळा द्यायचा, आणि लगेच कपडे बदलून हसऱ्या सीनला उभं राहायचं. खोटं रडतानाही श्वास, छाती, गळा यांवर खरा ताण पडतो. सलग आठवडे असे सीन असतील तर पॅकअपनंतर चिडचिड, रितेपण, झोप न लागणं हे सगळं होतं. त्याला ‘नाटकी स्वभाव’ म्हणणं हा अन्याय आहे. शरीर थकल्याचंच ते लक्षण आहे. सीन संपल्यावर पाच मिनिटं शांत चालणं, लांब श्वास, पाणी, आणि त्या पात्राचे कपडे-दागिने उतरवूनच घरी निघणं, इतकं जरी नेमाने केलं तरी फरक पडतो.

बालकलाकारांसाठी कायद्याने तास आखून दिलेले आहेत. २०१७ च्या नियमांनुसार दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, सलग २७ दिवसांपेक्षा अधिक काम चालत नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदतठेवीत ठेवावा लागतो. आईवडिलांनी हा नियम निर्मात्याला स्वतःहून दाखवावा. मूल सेटवर थकलंय हे सांगायला दुसरं कुणी पुढे येत नाही.

चेहरा पात्राचा होतो

मालिकेची ताकद म्हणजे रोजची भेट. तीच पुढे आड येते. ‘रामायण’ १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर आलं. अरुण गोविल यांचा राम इतका रुजला की इतर प्रकारच्या भूमिकांमध्ये लोक त्यांना स्वीकारेनात, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. त्या मालिकेतल्या सीता आणि रावण, म्हणजे दीपिका चिखलिया आणि अरविंद त्रिवेदी, १९९१ मध्ये लोकसभेत निवडून गेले, ‘महाभारत’मधले कृष्ण नितीश भारद्वाज १९९६ मध्ये, गोविल स्वतः २०२४ मध्ये. पात्राच्या पुण्याईवर निवडणूक जिंकता येते, पण पुढची वेगळी भूमिका मिळणं अवघड होतं, इतकी घट्ट ही ओळख असते.

आजच्या कलाकाराच्या बाबतीत हे छोट्या प्रमाणावर घडतं. तीन वर्षं सोशिक सून केली की कास्टिंगवाल्यांच्या यादीत नावापुढे ‘सून’ असतं. त्यातून बाहेर पडायचं तर मालिका चालू असतानाच दुसरं काहीतरी दिसायला हवं : वेगळ्या भाषेतली छोटी भूमिका, नाटक, लघुपट, डबिंग. मालिका संपल्यावर पहिल्या दोन महिन्यांत वेगळ्या रूपातली छायाचित्रं आणि नवी ऑडिशन क्लिप कास्टिंगच्या कार्यालयांत पोहोचायला हवी. सेल्फ टेप, म्हणजे स्वतः चित्रित केलेली ऑडिशन, मोबाईल आडवा धरून, साध्या भिंतीसमोर, डोळ्यांच्या रेषेत कॅमेरा ठेवून करावी. सुरुवातीला नाव, उंची, भाषा, तारखा आणि दोन्ही बाजूंनी चेहरा. गाजलेल्या भूमिकेच्या कपड्यांतली क्लिप पाठवू नये.

पुनःप्रक्षेपणाचे पैसे मिळतात का, हा प्रश्न प्रत्येक कलाकार कधीतरी विचारतो. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलाकाराचे हक्क रुंदावले आणि सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरासाठी रॉयल्टीचा उल्लेख आला. व्यवहारात मात्र मालिकांचे करार सगळे हक्क एकरकमी लिहून घेतात, मालकी वाहिनीची असते, आणि मालिका दुसऱ्या भाषेत डब झाली किंवा ओटीटीवर गेली तरी अभिनेत्याच्या खात्यात बहुधा काही येत नाही. हे चुकीचं आहे आणि यावर संघटनांनी नेटाने भांडायला हवं. तोपर्यंत म्हातारपणाची तरतूद रॉयल्टीवर सोडता येणार नाही, कारण या कामाला सहसा भविष्यनिर्वाह निधी नसतो आणि ग्रॅच्युइटीही नसते. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात, एनपीएस ही निवृत्तिवेतन योजना आहे. काम असलेल्या वर्षी भरावं, नसलेल्या वर्षी किमान रक्कम टाकून खातं चालू ठेवावं.

दोन कामांमधला काळ

एक मालिका संपून दुसरी मिळेपर्यंत सहा महिने ते दीड वर्ष जाणं या व्यवसायात नेहमीचं आहे, आणि नियोजन तेच धरून करावं लागतं. वरच्या उदाहरणात हातात येणारे १,२०,००० निम्मे करावेत. ६०,००० हा स्वतःला ठरवून दिलेला पगार, तो दर महिन्याला घरखर्चाच्या खात्यात. उरलेले ६०,००० वेगळ्या खात्यात, ज्याचं कार्ड खिशात नसेल. वर्षभर मालिका चालली तर ७,२०,००० साठतात, म्हणजे बारा महिन्यांचा पगार. जीएसटीचे पैसे आपले नव्हेतच, ते तिसऱ्या खात्यात. घर भाड्याने घेताना भाडं या ६०,००० च्या हिशेबात बसलं पाहिजे; १,२०,००० च्या हिशेबाने घेतलेलं अंधेरीतलं घर मालिका संपताच अंगावर येतं. मोठा हप्ता मालिका चालू आहे या भरवशावर घेऊ नये.

मधल्या काळात मराठी कलाकाराला नाटकाचा आधार मोठा. प्रयोगाच्या मानधनाला ‘नाईट’ म्हणतात आणि ते पुष्कळदा प्रयोगाच्याच दिवशी मिळतं. ९० दिवसांच्या जगात ही केवढी मोठी सोय आहे! रक्कम मालिकेपेक्षा कमी असेल, पण शिवाजी मंदिर किंवा गडकरी रंगायतनला महिन्यात आठ-दहा प्रयोग झाले तर भाडं निघतं, आणि अंगातला अभिनय गंजत नाही. डबिंग, कार्यशाळा, सूत्रसंचालन हेही आहे. मात्र ‘तुमचं प्रोफाइल शॉर्टलिस्ट झालंय, नोंदणीचे पाच हजार भरा’ असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. खऱ्या ऑडिशनला पैसे लागत नाहीत आणि संघटनेचं कार्ड दलालामार्फत मिळत नाही.

टाळेबंदीत या सगळ्याची परीक्षा झाली. १९ मार्च २०२० पासून चित्रीकरण थांबलं आणि जूनच्या अखेरीस हळूहळू सुरू झालं. तेव्हा ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर बंदी होती. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. ज्यांची तीन महिन्यांची येणी निर्मात्यांकडे अडकली होती, त्यांच्यावर कमावलेला पैसा कागदावर असून उपाशी राहायची वेळ आली.

या काळात मनाचं काय होतं, ते घरच्यांनी ओळखायला हवं. काल ज्याला रस्त्यात लोक थांबवत होते, त्याला आज कास्टिंगच्या कार्यालयात नाव सांगावं लागतं. ओळख पूर्ण, उत्पन्न शून्य. त्यामुळे लोकलने जाण्याची, मदत मागण्याची, छोटं काम घेण्याची लाज वाटते. मग बाहेर पडणं कमी होतं, फोन उचलले जात नाहीत, दिवस-रात्र उलटी होते, दारू वाढते. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक किंवा कशातच रस उरला नसेल तर तो आजार समजून डॉक्टरकडे जावं. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे. मरणाचे विचार बोलून दाखवले गेले तर ‘असं काय बोलतोस’ म्हणून उडवून न लावता त्या माणसाला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. आरोग्यविमा स्वतःचा असावा, निर्मात्याचा विमा सेटपुरता असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीने शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही विमा देणं बंधनकारक आहे. पॉलिसी घेताना ते कलम वाचून घ्यावं.

सेटवर किंवा कामाच्या बदल्यात लैंगिक मागणी झाली तर कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा रोजंदारीवरच्या आणि कंत्राटी स्त्री कलाकारांनाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे निर्मात्याची अंतर्गत समिती असलीच पाहिजे, नसेल तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. लेखी तक्रार तीन महिन्यांत करायची असते. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. मेसेज पुसू नयेत.

पैसे अडकले तर

मालिका बंद झाल्यावर निर्मात्याला कलाकाराची गरज उरलेली नसते, म्हणून शेवटचे तीन महिने सर्वांत जोखमीचे. तयारी पहिल्या दिवसापासून करावी लागते. रोजच्या कॉलचा मेसेज, सेटवर सही केलेल्या व्हाउचरचा फोटो आणि आत-बाहेरची वेळ एका वहीत. बिल महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, ईमेलने, अकाउंट्स आणि कार्यकारी निर्माता दोघांना. ९१ व्या दिवशी नम्र पण लेखी आठवण. ‘साहेब, बघा ना जरा’ हे फोनवर दहा वेळा बोलल्याचा पुरावा राहत नाही.

आठवण देऊनही दोन आठवडे काही झालं नाही तर करार, बिलं आणि ईमेल जोडून संघटनेकडे तक्रार करावी. संघटना निर्मात्यांच्या संस्थेसोबत बसून तडजोड घडवते आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर वकिलाची नोटीस. दाव्यासाठी रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. ‘पुढच्या मालिकेत भरून काढू’ या आश्वासनावर ती मुदत निघून जाते. ‘तुमचे इतके रुपये देणं आहे’ असं निर्मात्याने मुदतीच्या आत सहीनिशी लिहून दिलं, तर मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते, म्हणून शिल्लक रकमेची लेखी कबुली दरवर्षी मागून घ्यावी. आणि आयकराच्या संकेतस्थळावर आपली एआयएस नोंद (वर्षभरातल्या उत्पन्नाचा आणि कापलेल्या कराचा तक्ता) दर तिमाहीला उघडावी. निर्मात्याने मानधन हिशेबात जमा धरून टीडीएस भरला असेल पण उरलेली रक्कम दिली नसेल, तर ती नोंद काम झाल्याचा एक पुरावा म्हणून वकिलाच्या हातात देता येते. उलट टीडीएस कापल्याचं सांगून भरलाच नसेल तर तेही तिथेच उघडं पडतं, आणि ते लेखी विचारल्यावर अकाउंट्समधून उत्तर लवकर येतं.